रिळाची कळ कोणती घ्यावी?

भीमेवरच्या उजनी धरणात काठावरून गळाने मरळ धरायचा, तर दोरा लांब फेकावा लागतो. त्यासाठी काठीवर बसणारे आडव्या फिरकीचे रीळ मिळते. कळ दाबली की फिरकी दातेरी चाकातून सुटते. मूठ फिरवली की पुन्हा अडकते.

कळ बाजूला असेल, तर अंगठा तिकडे न्यावा लागतो. तेवढ्यात गळाच्या भाराने फिरकी भरभर फिरते नि दोऱ्याचा गुंता होतो. मग दोरा कापण्याचीच पाळी! फिरकीमागची आडवी कळ दाबताना मात्र तोच अंगठा फिरकीलाही टेकतो. नवशिक्याने हीच घ्यावी. फक्त मासा ओढीत असता अंगठा कळीपासून दूर ठेवावा; चुकून दाबली, तर मासा दोरा घेऊन पळालाच समजा. होडीत बसून दोन्ही हात मोकळे असणाऱ्याला बाजूचीही चालेल.