मालक नसलेली नाटक मंडळी

संगीत नाटक म्हटले की सोलापूरकरांना आपल्या फय्याज आठवतात, ‘कट्यार काळजात घुसली’मधली त्यांची झरीना आठवते. १९६७ सालचे ते नाटक प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदे’चे. गल्ला जमला तरी त्यांचा, बुडाला तरी त्यांचाच. आणि बुडणे या धंद्याला नवे नाही. बालगंधर्वांएवढा नट, पण अत्तरे नि भरजरी शालूंच्या थाटात त्यांचीही कंपनी कर्जात रुतली.

म्हणून मुंबईच्या ‘दि गोवा हिंदू असोसिएशन’चे अप्रूप वाटते. १९१९ साली गोवेकरांनी स्थापलेली ही सेवाभावी संस्था. तिच्या कला विभागाने १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. शब्द वसंत कानेटकरांचे, चाली जितेंद्र अभिषेकींच्या. पराशर रामदास कामत, मत्स्यगंधा आशालता. साथसंगत, पोशाख, नेपथ्य, गाडीभाडे, खर्च सारा कंपनीसारखाच. शिल्लक मात्र कुणा मालकाच्या खिशात जायची नाही. याच संस्थेने पुढे गोव्यात बांदोड्याला वृद्धांसाठी ‘स्नेहमंदिर’ उभारले.

तोटाही अर्थात संस्थेचाच, म्हणजे तिच्या बाकीच्या कामांना कात्री. गाणारा नट घडायला वर्षे लागतात आणि तिकिटे खपायला एकच संध्याकाळ मिळते! हा हिशेब ठाऊक असूनही कार्यकर्त्यांनी पडदा वर केला.