कर्करोग्याच्या शुश्रूषकाचा मनोभार

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे, १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रोग कोणत्या अवयवास झाला, कोणत्या अवस्थेत आढळला, हे त्यामुळे खेड्यांच्या पातळीवर कळू लागले. रोग्याच्या उशाशी बसणारा मात्र रुग्णालयात केवळ ‘नातेवाईक’ असतो. त्याच्या नावाचा केसपेपर निघत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात या माणसाच्या मनःस्थितीचा विचार करावयाचा, तर प्रथम ‘भार’ ही संकल्पना समजून घेतली पाहिजे.

होएनिग व हॅमिल्टन यांनी १९६६ साली, मनोरुग्णांच्या कुटुंबांसंबंधी लिहिताना, भाराचे दोन भाग कल्पिले. खर्च, बुडालेला रोजगार, विसकटलेली दिनचर्या हा वस्तुनिष्ठ भार. त्याचा मनाला होणारा जाच हा आत्मनिष्ठ भार. दोहोंचे प्रमाण सारखे असतेच असे नाही. शुल्झ व बीच यांच्या १९९९ मधील अमेरिकन अभ्यासात जोडीदाराच्या शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांत, चार वर्षांच्या काळात, मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. शुश्रूषा करूनही ताण न जाणवणाऱ्यांत तशी ठळक वाढ दिसली नाही.

पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यातून ऊसतोडीला टोळ्या जातात. तेथे नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि मुकादमाकडून मिळणारी उचल त्याच हिशेबाने. सासूच्या शुश्रूषेसाठी सून गावी राहिली की कोयता अर्धा होतो आणि उचल फिटणे कठीण होते. हे नुकसान निदान मोजता तरी येते.

आत्मनिष्ठ भार इतका उघड नसतो. घरातील एकदोघांना रोगाचे नाव ठाऊक आहे आणि खुद्द रोग्याला ते सांगितलेले नाही, ही आपल्याकडे नित्य आढळणारी परिस्थिती होय. ‘सांगितले तर धीर सोडतील’ ही त्यामागील भावना प्रेमाचीच असते. परंतु ‘साधी गाठ आहे’ असे एकदा म्हटले की ते निभावून न्यावे लागते. कागद लपवावे लागतात, रुग्णालयाच्या पाटीविषयी, गळणाऱ्या केसांविषयी उत्तरे तयार ठेवावी लागतात. शिवाय एरवी ज्याच्यापाशी मन मोकळे करावयाचे, तो पती वा ती आईच अंथरुणावर असते. पुष्कळदा रोग्यालाही सारे उमगलेले असते आणि तोही गप्प राहतो. मग जमिनीचे, मुलीच्या लग्नाचे, जुन्या रुसव्याफुगव्याचे बोलणे कायमचे राहून जाते. यावरून सर्वांना सर्व सांगून टाकावे असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. रोग्याला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे त्यालाच विचारणे अधिक योग्य.

भारमापनासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची सूची सर्वत्र वापरली जाते. ती मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या नातेवाइकांसाठी १९८० च्या सुमारास सिद्ध झाली. पुरेसा एकांत मिळतो का, असा एक प्रश्न तीत आहे; दोन खोल्यांच्या घरात त्याला काय अर्थ उरतो? रोग्यासाठी याहून अधिक करावयास हवे होते असे वाटते का, या प्रश्नाला आपल्याकडील सून ‘होय’ म्हणाली, तर ते अपराधीपण की केवळ रीत, हे ठरविणे अवघड आहे. निदान लपविण्याविषयी मात्र सूचीत एकही प्रश्न नाही. उलट ‘उदास वाटते का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी व्यक्ती ‘जीव घाबरा होतो’, ‘डोळ्याला डोळा लागत नाही’ असे सहज सांगून जाते. तेव्हा सूचीचे केवळ भाषांतर करून भागणार नाही.

अशा माणसाने आपण होऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जावे, ही अपेक्षा फोल आहे. २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे; पण ज्या घरात रोगी चार हातांवर निजलेला असतो तेथून फोनवर तरी काय बोलणार? जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. बार्शीच्या कार्यकर्त्यांनीही गावोगाव फिरूनच रोगी शोधले. अशा ओळखीच्या बाईने अंगणात, रोग्याच्या कानाआड, ‘तुमची झोप कशी आहे?’ एवढे विचारले तरी बोलण्यास वाट मिळते. आणि ही भेट तेराव्यानंतरही एकदा व्हावी.