चाळीसचं तिकीट, सहाशेचं तिकीट

मागच्या महिन्यात खुलताबाद तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक होती. बचतीचे पैसे गोळा झाले, कर्जाचे हप्ते लिहून झाले, प्रोसिडिंगवर सह्या झाल्या. उठता उठता एक मावशी म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? माझा जावई आपलाच आहे. मराठी बोलतो, ठेचा-भाकरी खातो. मग वेरूळच्या खिडकीवर त्याला सहाशे रुपये का लागले? मला तर चाळीसच लागले."

प्रश्न तिकिटाचा होता, पण उत्तर पार पासपोर्टापर्यंत जातं. म्हणून आज तोच विषय घेतलाय.

वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही लेण्यांना भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी नागरिकांना ६०० रुपये तिकीट आहे. बीबी का मकबरा आणि दौलताबादचा किल्ला इथे २५ आणि ३००. २०१८ सालापासूनचे हे दर आहेत. पंधरा वर्षांखालच्या लेकरांना तिकीटच नाही, मग ते लेकरू कुठल्याही देशाचं असो. दर ठरतो तो माणूस राहतो कुठे, दिसतो कसा, यावर नाही. नागरिक कुठल्या देशाचा, यावर ठरतो.

यातही एक गंमत आहे. अजिंठ्याला भगव्या चीवरातले भिक्खू येतात, ते तुम्ही पाहिले असतील. त्यातले श्रीलंका, थायलंड, म्यानमार, नेपाळ, भूतानचे जे असतात, त्यांना आपल्यासारखेच ४० रुपये लागतात. शेजारच्या देशांचे सार्क आणि बिमस्टेक असे दोन गट आहेत, त्यांतल्या देशांच्या नागरिकांना आपलाच दर आहे. त्यांच्याच मागे रांगेत उभ्या असलेल्या जपानी भिक्खूला मात्र ६०० पडतात. आपल्याला ते जरा विचित्र वाटतं. पण एवढी दुरून आलेली माणसं लेण्यांच्या देखभालीला थोडा जास्त हातभार लावतात, यात मला तरी काही वावगं दिसत नाही.

आता मावशींच्या घराकडे येऊ. त्यांची लेक, जावई आणि नात अमेरिकेत राहतात. एकाच घरात, एकाच ताटलीत जेवणारी तीन माणसं, आणि तिघांचे कागद तीन तऱ्हेचे!

लेकीकडे अजून भारताचाच पासपोर्ट आहे. तिला तिथे ग्रीन कार्ड मिळालंय. बऱ्याच जणींना वाटतं, ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे पोरगी अमेरिकन झाली. तसं नाही. तो तिथे कायम राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नाही. लेक भारतीयच, म्हणून तिला इकडे यायला व्हिसा नको आणि वेरूळला चाळीसच रुपये. दुबईला, सौदीला कामाला गेलेल्या आपल्या भागातल्या लोकांचंही असंच. कितीही वर्षं राहिले तरी ते भारताचेच नागरिक, आणि तिथे जन्मलेल्या त्यांच्या लेकरांनाही भारताचाच पासपोर्ट काढतात.

जावयाने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व एकदम ठेवता येत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं सुटतं आणि आपला पासपोर्ट परत जमा करावा लागतो. नात तिथेच जन्मली. जन्मल्या जन्मल्या तिचा अमेरिकेचा पासपोर्ट निघाला. म्हणजे मावशींची सख्खी नात कागदावर परदेशी पाहुणी. आजोळी यायचं तर तिला व्हिसा पाहिजे.

इथेच त्या घराला चटका बसला. मावशींच्या सासूबाई आजारी पडल्या, दवाखान्यात भरती केलं. पणतीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच त्या म्हणत होत्या. लेक निघायला तयार होती, तिच्या पासपोर्टाला काहीच अडचण नव्हती. पण आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या लेकराला सोडून येणार कशी? लेकराचं ओसीआय कार्ड काढायला टाकलेलं, तो अर्ज त्रुटी काढून परत आला होता. लेकराच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरच्या आडनावाने होतं, आणि आईच्या पासपोर्टवर सासरच्या. ते जुळवता जुळवता दिवस गेले. कार्ड येईपर्यंत ई-व्हिसा काढून येता येतं, हे कुणी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, साधारण तीन-चार दिवसांत. लेक आणि नात गावात पोचल्या त्या दहाव्याच्या दिवशी. आजीने पणतीला पाहिलं ते मोबाईलच्या पडद्यावरच.

म्हणून ज्यांच्या लेकी-सुना बाहेर आहेत, त्यांनी हे नीट ऐका. ओसीआय कार्ड म्हणजे मूळच्या भारतीय माणसाला, त्याच्या मुलाबाळांना, नातवंडांना मिळणारं कार्ड. ते असलं की भारतात यायला जन्मभर वेगळा व्हिसा लागत नाही, कितीही वेळा या, कितीही दिवस राहा. पोलिसांकडे राहण्याची नोंदणीही करावी लागत नाही. अर्जाची फी परदेशातून २७५ डॉलर आहे, म्हणजे आपल्या वीस-बावीस हजारांच्या वरच. पण ते नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती मात्र ठेवता येते. हे भावाभावांच्या वाटणीत उपयोगी पडतं, म्हणून सांगितलं. प्रवासात हे कार्ड एकटं चालत नाही, सोबत त्या देशाचा पासपोर्ट लागतोच.

आणि अर्ज करायच्या आधी नावं जुळतात का ते बघा. लेकीचा जन्मदाखला, टीसी, लग्नाची नोंद, पासपोर्ट. लग्नाची नोंद तर आपल्या गावातच ग्रामसेवकाकडे होते. मांडवातले फोटो आपण शेकड्याने काढतो, आणि नोंदणीचा एक कागद मात्र राहून जातो! ई-व्हिसा काढताना वेबसाइट सरकारीच आहे ना, ते पाहा. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

तर, जावयाचे सहाशे का गेले? २०२१ पासून ओसीआय कार्डवाल्यांनाही लेण्यांना, किल्ल्यांना, अभयारण्यांना भारतीयांचाच दर आहे. जावयाकडे कार्ड आहे. पण ते गावातल्या घरी, कपाटात, पासपोर्टाच्या पिशवीत राहिलं होतं. खिडकीवर विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. मावशी म्हणाल्या, "आधार कार्ड दाखवायचं ना!" अहो, आधार म्हणजे ओळखीचा पुरावा, नागरिकत्वाचा नाही. भारतात बराच काळ राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार मिळतं. नातीचं तिकीट मात्र फुकट निघालं, वय वर्षं दीड!

वेरूळ, फर्दापूरकडच्या ज्या गटांनी घरगुती मुक्कामाची सोय सुरू केलीय, त्यांच्यासाठी एक गोष्ट. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो काढून ठेवा. याला पैसे लागत नाहीत.

आता उलटं बघू. आपणही कुठेतरी परदेशी होतोच. काशी करून पुढे नेपाळला पशुपतिनाथाला जाणाऱ्या यात्रा आपल्याकडून दरवर्षी निघतात. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागतं. विमानाने जायचं तर पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड, दोन्हीपैकी एक. फक्त आधार चालत नाही. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या पुढच्यांना मात्र आधार किंवा दुसरं फोटोचं सरकारी कार्ड चालतं. म्हणजे ऐंशीची सासू आधारावर विमानात बसते आणि पन्नाशीची सून खाली राहते. एका गावच्या दोघी जणींना असंच विमानतळावरून परत यावं लागलं होतं, यात्रेचे पैसे आधीच भरलेले होते. बसने, सोनौलीच्या बाजूने जाणार असाल तरी मतदान कार्डच जवळ ठेवा. भूतानलाही हेच दोन कागद. तिथे आपल्याकडून माणशी रात्रीला १२०० रुपये घेतात. जास्त वाटतात ना? इतर देशांच्या पाहुण्यांकडून रात्रीला १०० डॉलर घेतात. वेरूळचाच हिशोब, फक्त तिथे आपण सवलतीच्या रांगेत.

मतदान कार्डावर नाव चुकलं असेल, माहेरचं राहिलं असेल, तर फॉर्म आठ भरायचा. बीएलओकडे द्या किंवा ऑनलाइन भरा. कार्डच नसेल तर फॉर्म सहा.

मावशींनी या वर्षी यात्रेला नाव दिलंय, सासूबाईंच्या नावाने पशुपतिनाथाला अभिषेक करायचाय. बैठकीतच त्यांचं कार्ड काढून पाहिलं, तर त्यावर नाव अजून माहेरचं, आधारवर सासरचं. सोमवारी आम्ही दोघी फॉर्म आठ घेऊन बीएलओकडे जाणार आहोत. आणखी कुणाचं तसं असेल तर दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स घेऊन दहा वाजता ग्रामपंचायतीसमोर या.