प्रवाहाची वाट आणि गावाची संमती

कॅनडातील ओन्टारिओ प्रांतात, टोरोन्टो शहराच्या उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, हॉलंड नावाच्या संथ नदीकाठी सुमारे सात हजार एकरांचे एक काळेभोर शिवार पसरलेले आहे. गाजर आणि कांदा या पिकांसाठी त्या देशात ख्यातनाम असलेले हे शिवार शंभर वर्षांपूर्वी निव्वळ दलदल होते, आणि तेथील रानगवत कापून गाद्यांत भरण्यासाठी विकावे, एवढाच काय तो त्या भूमीचा उपयोग लोकांना ठाऊक होता. ही दलदल शेतीखाली आणण्याचा ध्यास घेतला तो ग्वेल्फच्या कृषी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक विल्यम हेन्री डे यांनी. नदी दलदलीच्या मधून वाहत होती, म्हणून त्यांनी नदीचीच वाट बदलावयाचे ठरविले: दलदलीभोवती सुमारे २८ किलोमीटर लांबीचे कालवे खणावयाचे, खणून निघालेल्या मातीचा बांध आतल्या अंगाने रचावयाचा, वरच्या उंचवट्यांवरून येणारे पाणी या कालव्यांनी बाहेरच्या बाहेर खाली न्यावयाचे, आणि आत साचेल ते पंपांनी उपसून त्याच कालव्यांत टाकावयाचे. १९२५ साली आरंभिलेले हे काम १९३० पर्यंत चालले.

या कथेतील अभियांत्रिकीपेक्षा मला तिची कायदेशीर बाजू अधिक मोलाची वाटते. वेस्ट ग्विलिम्बरी, किंग आणि ब्रॅडफर्ड या तीन स्थानिक संस्थांच्या हद्दी त्या दलदलीत एकमेकींना भिडत असल्यामुळे हे काम एका जमीनमालकाच्या मर्जीने होणे शक्यच नव्हते. निचऱ्याच्या कायद्याखाली ते सार्वजनिक काम ठरले आणि त्याच्या खर्चाचा बोजा लाभार्थी जमिनींवर आकारला गेला. १५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री हेझल वादळाने बांध फोडून सारे शिवार जलमय केले, तेव्हा ते पाणी उपसून काढण्याचे उत्तरदायित्व कोणा एका शेतकऱ्याच्या माथी येऊन पडले नाही, याचे मूळ या जुन्या व्यवस्थेत होते. पुढे, चालू शतकात, गाळाने उथळ झालेल्या या कालव्यांचे काही भाग रुंद करून लगतच्या रस्त्यांपासून दूर हलविण्यात आले. तेही याच कायद्याच्या चौकटीत.

आज त्या प्रांतात एखाद्या शेतकऱ्याला, शेताच्या मधून तिरका जाणारा सार्वजनिक चर बांधाच्या कडेने न्यावा म्हणजे दोन तुकड्यांचे एक सलग शेत होईल आणि मोठी यंत्रे अडखळणार नाहीत, असे वाटले, तर त्याला स्थानिक परिषदेकडे अर्ज करावा लागतो. नवाच चर हवा असेल, तर निचऱ्याची गरज असलेल्या क्षेत्रातील बहुसंख्य मालकांच्या, किंवा निदान ६० टक्के क्षेत्राच्या मालकांच्या सह्या लागतात. परिषद अभियंता नेमते. अभियंत्याने सर्व संबंधितांना प्रत्यक्ष जागेवर बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, असा दंडक आहे. आणि माझ्या मते साऱ्या प्रक्रियेचे मर्म येथेच आहे, कारण नकाशावर निळी रेघ म्हणून दिसणारा चर कोणाच्या विहिरीजवळून जातो, कोणाची वाट अडवितो, कोठे पावसाळ्यात तुंबतो, हे त्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसांनाच ठाऊक असते. मग अहवाल येतो. त्यात कोणाला किती लाभ, वरच्या कोणत्या जमिनीचे पाणी या चरात येते म्हणून तिच्यावर किती आकारणी, कोणाची जमीन गेली वा पीक तुडविले गेले म्हणून त्यास किती मोबदला, हे तुकड्या-तुकड्यानिशी मांडलेले असते. आकारणीवर हरकती घेता येतात, त्यांची सुनावणी होते, वर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि त्यानंतरच चरास मंजुरी देणारा परिषदेचा उपविधी कायम होतो. माशांच्या अधिवासासाठी आणि पाणलोटाच्या रक्षणासाठी निराळ्या परवानग्या लागतात, त्या वेगळ्याच. हा विलंब तेथील शेतकऱ्यांना जाचतो, हे खरे. परंतु एकदा मंजूर झालेल्या चराची निगा कायमची त्या स्थानिक संस्थेच्या शिरावर येते, आणि चराचे पाणी कोणाच्या शेताची वा रस्त्याची हानी न करता जेथे सोडता येईल अशा मुखापर्यंत तो नेलाच पाहिजे, ही अट अभियंत्याला टाळता येत नाही.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाप्रमाणे नदी-नाले शासनाच्या मालकीचे आहेत, आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम शेतातील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बेकायदा अडविणारा अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदारास देतो. हा अधिनियम मी सामान्य शेतकऱ्याचा खरा आधार मानतो. साधा दावा, जागेची पाहणी, पंचनामा, आणि मर्यादित कालावधीत आदेश. तथापि त्याची सारी रचना तंटा उद्भवल्यानंतरची आहे. ओढा सरळ करून दोन गुंठे जमीन पदरात पाडून घेणारा माणूस जेसीबी लावतो तेव्हा खालच्या गटधारकांना नोटीस जात नाही. त्यांना विचारावयास हवे, अशी भावनाही गावात क्षीण होत चालली आहे. शासनाच्या मालकीचा ओढा वळविण्यास परवानगी देण्यापूर्वी खालच्या बाजूच्या प्रत्येक गटास नोटीस, ग्रामसभेपुढे वाचन आणि ओढ्याच्या काठावर सुनावणी, एवढ्या तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. त्यासाठी नवे खाते नको. तलाठी, मोजणीदार आणि मंडळ अधिकारी आहेतच.

याची निकड एका साध्या हिशोबात आहे. मामलेदाराकडील दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. ओढे वळविण्याची कामे पिके निघून वाफसा सरल्यावर, मार्गशीर्ष-पौषात होतात. आणि त्या वळणाने पाणी कोणाच्या शेतात शिरते, हे पुढच्या आषाढात कळते. दाव्याचे कारण कोणत्या दिवशी घडले, खणले त्या दिवशी की बुडाले त्या दिवशी, यावरच मग खालच्या शेतकऱ्याची पहिली तारीख खर्ची पडते.