जुना पत्रा, नवं इंजिन
डेट्रॉइटचं वार्तापत्र

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवरून घाईने कुठे पोहोचायचा बेत कुणी आखू नये. फर्नडेलपासून पॉन्टियॅकपर्यंतचा जवळजवळ 25 किलोमीटरचा रस्ता त्या दिवशी जुन्या गाड्यांच्या ताब्यात असतो. माणसं सकाळीच कडेला घडीच्या खुर्च्या टाकून जागा धरतात आणि समोरून मस्टँग, कॅमारो, चॅलेंजर, जीटीओ मुंगीच्या पावलांनी सरकत राहतात. 1995 मध्ये फर्नडेलला सॉकरचं मैदान हवं होतं. त्याला पैसे जमवायला ही ‘ड्रीम क्रूझ’ निघाली. आज आयोजकांच्या हिशेबाने दहा लाखांवर माणसं आणि चाळीस हजार गाड्या येतात. मैदानाचं नाव आता कुणी काढत नाही.

या रांगेत खरी परीक्षा होते ती इंजिनाची. सुसाट पळायला बनवलेल्या गाडीला भर उन्हात पहिल्या गिअरमध्ये तासन्‌तास रांगायला लावलं की काटा लाल रेषेकडे सरकतो. मग बॉनेट उघडून, रेडिएटर निवण्याची वाट बघत मालक बाजूला उभा. शेजारून त्याच वर्षाची, त्याच रंगाची दुसरी गाडी मात्र एसी लावून आरामात पुढे जाते. फरक बॉनेटखाली असतो.

उदाहरणार्थ 1969 ची शेव्हरले कॅमारो. गंजलेला पत्रा कापून नवा जोडलेला, रंग काचेसारखा, क्रोम आरशासारखं. पण आत मूळचं बिडाचं व्ही-8 नाही. तिथे ‘एलएस-3’ बसलेलं असतं: 2008 च्या कॉर्व्हेटबरोबर आलेलं 6.2 लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, 430 अश्वशक्तीचं. शेव्हरले ते कोऱ्या खोक्यात घालून विकते. कार्ब्युरेटरची कटकट नाही, थंडीत चोक ओढणं नाही. जोडीला सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. नीट पाहिलं तर आणखी एक गंमत दिसते. नव्या इंजिनाच्या डोक्यावर इग्निशन कॉइल ओळीने बसवलेल्या असतात. हौशी मालक त्या तिथून काढून भलतीकडे लपवतो आणि वर जुन्या घाटाचं झाकण चढवतो. म्हणजे हजारो डॉलर मोजून नवं इंजिन आणायचं आणि ते जुनंच वाटावं म्हणून वर आणखी खर्च करायचा!

जुन्या कॅमारोच्या साडेतीनशे घनइंची, म्हणजे 5.7 लिटरच्या इंजिनाची जाहिरातही 300 अश्वशक्तीची असे. पण तेव्हा मोजदाद होई ती स्टँडवर ठेवलेल्या उघड्या इंजिनाची. एअर फिल्टर, गाडीतला सायलेन्सर, आल्टरनेटर वगैरे ओझं त्यावर नसे. 1972 पासून सगळा लवाजमा चढवून आकडे देऊ लागले, तेव्हा कागदावरचे बरेच घोडे पळून गेले.

‘ओरिजिनल’वाल्यांना हा प्रकार साफ नामंजूर. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पैशाच्या अंगाने तो बरोबरही आहे: 2014 मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात 1971 ची एक प्लायमाउथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल 35 लाख डॉलरला गेली. तिचं इंजिन बदलायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. इतिहासाचा दाखला मात्र त्यांच्या फारसा कामाचा नाही.

कारण ‘मसल कार’ म्हणवणाऱ्या या गाड्या जन्माला आल्या त्याच मुळी मोठं इंजिन लहान गाडीत घुसवून. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचाहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. कंपनीच्याच पॉन्टियॅक विभागात अभियंता जॉन डीलॉरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी टेंपेस्टमध्ये मोठ्या गाडीचं 389 घनइंची इंजिन बसवून पाहिलं. ते नेमकं बसलं. मग दंडकातून पळवाट काढली: नवं मॉडेल म्हणून नव्हे, तीनशे डॉलरच्या आतबाहेरचं ‘ऑप्शन पॅकेज’ म्हणून 1964 ची जीटीओ बाजारात आली. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या. त्या काळी रात्री याच वुडवर्डवर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत आणि पोरांच्या हातची गाडी कारखान्यातून आली तशी क्वचितच राहत असे. पुढे विम्याचे वाढते हप्ते, 1970 चा हवाशुद्धीचा कायदा आणि 1973 ची तेलबंदी यांनी मिळून त्या पर्वाचा निकाल लावला.

मराठी वाचकाला या इंजिनबदलात सर्वांत नवल वाटेल ते कागदपत्रांचं. आपल्याकडे आरसी बुकावर इंजिन क्रमांक असतो. इंजिन बदललं की आरटीओची पायरी चढणं आलं. 2019 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ आराखड्यात फेरफार करायला मनाई केली. इथे मालकीचा कागद साधारणपणे गाडीच्या चासी क्रमांकावर चालतो, इंजिन कोणतं हे त्यावर नसतं. हवेच्या बाबतीत सर्वांत कडक कॅलिफोर्निया. तिथेही 1975 पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे; 1976 पासूनच्या गाडीत नवं इंजिन घालायचं तर ते गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून अलीकडचं हवं, आणि त्याची धूर आवरणारी यंत्रणा शाबूत हवी.

डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनने तर कायद्यातच सोय करून ठेवली आहे. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ नंबरप्लेट मिळते. ती लावली की गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला, क्लबच्या कार्यक्रमाला न्यायची. रोजच्या कामाला काढायची नाही. अपवाद ऑगस्टचा. तो अख्खा महिना ती खुशाल रस्त्यावर काढावी, असं कलमातच लिहिलं आहे.