पोलिसांची गोळी आणि लोकांच्या टाळ्या

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूरच्या रेल्वे स्थानकात हजारो नागरिक रुळांवर उतरले आणि लोकल गाड्या कित्येक तास बंद पडल्या. एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला याचा संताप त्या जमावात होताच. पण मुलींच्या पालकांना तक्रार नोंदविण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत बसावे लागले, याची चीडही तितकीच होती. अवघ्या महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, त्या प्रकरणातील आरोपी मुंब्रा बाह्यवळण रस्त्याजवळ पोलिसांच्या गाडीतच पोलिसाच्या गोळीने ठार झाला. ज्या दलाविरुद्ध महिन्यापूर्वी घोषणा झाल्या, त्याच दलाच्या नावाने आता पेढे वाटले गेले. ‘बदला पुरा’ असे फलकही मुंबईत झळकले.

लोकमताचा हा लंबक वरवर विसंगत दिसतो. वस्तुतः दोन्ही वेळचे लोकमत एकच गोष्ट सांगत होते: तक्रार, तपास, खटला, निकाल हा सरळ मार्ग शेवटास जाईल असा विश्वास सामान्य माणसाला उरलेला नाही. वर्षानुवर्षे तारखा पडताना पाहणाऱ्या माणसाने एका गोळीत लागलेल्या ‘निकाला’चे स्वागत केले, तर त्याला असंस्कृत ठरविणे सोपे आहे, त्याचे दुःख समजून घेणे अवघड.

तथापि, पोलिसाने प्राणघातक बळ केव्हा वापरावे याविषयी कायदा मुळीच मुका नाही. अटकेला बळाने विरोध झाल्यास आवश्यक ते उपाय योजण्याची मुभा पोलिसाला आहे. पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार ही मुभा देत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील हे बंधन १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. याचा अर्थ गंभीर आरोप असलेल्याला खुशाल मारावे असा कोणी लावील, तर तो चूक होय. आवश्यकतेची अट तेथेही सुटत नाही. याखेरीज स्वसंरक्षणाचा हक्क तुम्हाआम्हाला आहे तसाच पोलिसालाही आहे, आणि त्यालाही धोक्याच्या प्रमाणाची मर्यादा आहे. समोरच्या माणसाचे पूर्वचरित्र काय, हा प्रश्न त्या क्षणी गौण ठरतो. धोका त्या क्षणी होता की नव्हता, हा खरा प्रश्न.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. गिरगाव चौपाटीवर अडविलेल्या मोटारीतील एक अतिरेकी पोलिसांच्या गोळीने ठार झाला. त्या गोळीबद्दल कोणीही शंका घेतली नाही, घेण्याचे कारणही नव्हते. दुसऱ्याने बंदूक रोखली, तेव्हा हाती केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी तिची नळी घट्ट धरून गोळ्या आपल्या अंगावर झेलल्या, आणि अजमल कसाब जिवंत हाती लागला. खटला चालला, कटाचे धागेदोरे न्यायालयासमोर आले, आणि चार वर्षांनी, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, येरवड्यात त्याला फाशी झाली. एकाच जागी, एकाच रात्री एकाला मारणे न्याय्य होते आणि दुसऱ्याला न मारणेही.

बदलापूरच्या आरोपीने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये वेगळा निष्कर्ष काढला: गाडीतील पाच पोलिसांचा बळाचा वापर समर्थनीय नव्हता. हा निष्कर्षही अखेरचा नव्हे. पण तो तपासला जाण्याची गरज तेवढ्याने सिद्ध होते. योगायोग असा की, अशा प्रत्येक मृत्यूची गुन्हा नोंदवून स्वतंत्र चौकशी व्हावी असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, महाराष्ट्राच्याच खटल्यात दिला गेला होता.

त्या निर्णयातील एका कलमाकडे फारसे लक्ष गेले नाही. चकमकीनंतर लगोलग बढती वा शौर्यपदक देऊ नये, असे ते सांगते. ज्या कृत्याला बक्षीस मिळते ते वाढते, हा बाजाराचा नियम पोलीस ठाण्याच्या दाराशी थांबत नाही. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, तेव्हापासून मुंबईने चकमकींचे कौतुक केले, चकमकफेम अधिकाऱ्यांवर चित्रपट काढले. या कौतुकाची किंमत लखनभैया प्रकरणाने दाखविली. नोव्हेंबर २००६ मधील त्या ‘चकमकी’बद्दल २०१३ साली सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरविले, २०२४ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयीन विलंबाला कंटाळून चकमकीचे समर्थन केले जाते. येथे तोच विलंब चकमक करणाऱ्यांच्या वाट्यालाही आला. मृताबरोबर उचलला गेलेला मुख्य साक्षीदार मात्र साक्षीपूर्वीच, २०११ साली, बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेहच सापडला.

बदलापूर प्रकरणातील मृत आरोपीच्या आईवडिलांनी तर २०२५ च्या प्रारंभी उच्च न्यायालयात येऊन, आपल्याला हा खटला पुढे चालवायचा नाही असे सांगितले. न्यायालयाने ते प्रकरण मिटविले नाही. ७ एप्रिलला विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला.