शीड, तळ आणि तोल : लहान नौकेच्या रचनेतील एक तूट

शिडाची लहान नौका म्हणजे मोठ्या गलबताची छोटी प्रतिकृती, अशी समजूत यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांतही आढळते. ती टिकत नाही, हे साध्या गणिताने दाखविता येते. नौकेची सर्व मापे निम्मी केली, तर शिडाचे क्षेत्रफळ चतुर्थांश होते आणि वाऱ्याची प्रेरणा ज्या उंचीवर लागू होते ती उंची निम्मी होते. म्हणजे कलंडविणारे परिबल आठवा हिस्सा उरते. सावरणारे परिबल म्हणजे वजन आणि भुज यांचा गुणाकार. वजन आठवा हिस्सा, भुज निम्मा, म्हणून ते सोळावा हिस्सा उरते. वारा मात्र निम्मा होत नाही. शीड केवढे, डोलकाठी किती उंच, तळ कसा, हे सारे प्रश्न या एका तुटीभोवती फिरतात आणि ते सुटे सुटे सोडविता येत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तूट भरून काढण्याचा पहिला उपाय रुंदी. नौका कलली की उत्प्लावनमध्य बुडत्या बाजूकडे सरकतो, आणि कल लहान असता या सरकण्याचा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी 10 टक्के वाढविली की तो सुमारे 33 टक्के वाढतो. उपाय स्वस्त दिसतो. पण रुंद तळ मंद वाऱ्यात घर्षणाने रेंगाळतो, लाटांवर आपटतो, आणि अशी नौका एकदा उलटली की त्या उलट्या अवस्थेतही तितक्याच निष्ठेने स्थिर राहते! तळकण्यास शिसे किंवा लोखंड जोडणे हा दुसरा उपाय. त्याने कललेली नौका परत उभी राहते, परंतु ते वजन सदोदित वाहावे लागते आणि नौका वाळूवर ओढून घेणे अशक्यप्राय होते.

तिसरा उपाय माणसाचा. नावाड्याचे वजन हवे तेव्हा वाऱ्याच्या बाजूस टाकता येते, वारा पडला की आत घेता येते. ब्रूस कर्बी यांनी आरेखिलेली आणि 1971 साली बाजारात आलेली 'लेझर' ही एकट्याने हाकावयाची नौका याच तत्त्वावर उभी आहे. तिची लांबी 4.23 मीटर, शीड 7.06 चौरस मीटर. समजा, 80 किलोग्रॅम वजनाचा नावाडी काठाबाहेर झुकला आणि त्याचा गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून 1.2 मीटर दूर गेला. नौकेच्या स्वतःच्या आकाराचा वाटा सोडून दिल्यास सावरणारे परिबल 96 किलोग्रॅम-मीटर होते. शिडावरील प्रेरणा आणि पाण्यातील पात्यावरील प्रतिप्रेरणा यांतील उभे अंतर 3 मीटर धरले, तर शीड 32 किलोग्रॅम-भाराहून अधिक आडवी प्रेरणा सोसू शकत नाही. प्रेरणेचा गुणांक 1.3 मानल्यास, नौकेवर जाणवणारा वारा ताशी 27 किलोमीटर झाला की ही मर्यादा येते. पुढे शीड सैल सोडणे आले. याच तळावर हलक्या नावाड्यांसाठी 5.76 आणि 4.7 चौरस मीटरची शिडे बसविण्यात आली. वरील उदाहरणात दर चौरस मीटरमागे 11.3 किलोग्रॅम माणूस पडतो. त्याच हिशेबाने 4.7 चौरस मीटरला सुमारे 53 किलोग्रॅमचा नावाडी पुरतो. तळ तोच, पाणी तेच. शिडाचे माप ठरविते ते माणसाचे वजन.

वेगही यातच गुंतलेला आहे. नौका स्वतःच्या जलरेषेएवढ्या लांबीचा तरंग उठवू लागली की पाण्याचा विरोध एकदम वाढतो, 'लेझर'च्या 3.8 मीटर जलरेषेस ही सीमा सुमारे 4.7 नॉट येते. मागील भाग सपाट असलेली हलकी नौका मात्र आपल्याच तरंगावर चढून पाण्यावर घसरू लागते. उफा फॉक्स यांच्या 14 फुटी 'ॲव्हेंजर'ने 1928 साली 57 शर्यतींपैकी 52 जिंकल्या, त्या मुख्यतः या गुणावर. परंतु घसरण्यासाठी लागणारी प्रेरणा शिडातूनच यावयाची. आणि ते शीड उभे ठेवण्यासाठी तळात वजन भरले की घसरणे संपले.

शिडाच्या आकाराविषयी वाद पुष्कळ आहेत. उंच, अरुंद, त्रिकोणी बर्म्यूडा शीड वाऱ्याच्या तोंडाकडे तिरपे चढण्यात सरस, कारण टोकांशी उठणाऱ्या भोवऱ्यांत शक्ती कमी वाया जाते. पण उंची म्हणजे भुज. बुटक्या शिडात तेवढ्याच भुजावर अधिक कापड मावते, आणि बाजूच्या किंवा मागील वाऱ्यात कापडच उपयोगी पडते.

कोकण किनाऱ्यावरील जुन्या होड्यांकडे या दृष्टीने पाहावे. यंत्रे येण्यापूर्वी त्यांवर आखूड डोलकाठी आणि तिला तिरकी टांगलेली लांब आडकाठी असे. ही आडकाठी डोलकाठीच्या पलीकडे नेणे कटकटीचे. म्हणून सामान्यतः होडी वाऱ्याकडे पाठ करूनच फिरवावी लागे. हा दोष खराच. परंतु पावसाळा सोडला तर पहाटेचा मतलई वारा समुद्रात नेतो आणि दुपारचा खारा वारा परत आणतो. दोन्ही वेळा वारा बहुधा पाठीशी किंवा बाजूस. वाऱ्याच्या तोंडाशी झगडण्याचे प्रसंग जेथे थोडे, तेथे त्या गुणासाठी उंच डोलकाठीची किंमत कोणी का द्यावी?

दक्षिण कोकणातील लहान होड्यांची उलांडी, म्हणजे एका बाजूस आडव्या लाकडांनी जोडलेला तरंगता ओंडका, हा त्याच तुटीवरचा चौथा उपाय होय. ओंडका वाऱ्याच्या बाजूस असता वजनाने आणि विरुद्ध बाजूस असता उत्प्लावकतेने होडी सावरतो. अरुंद, हलका, वाळूवर ओढता येणारा तळ त्यामुळेच परवडतो. किंमत येथेही आहे: दोन्ही बाजूंच्या वाऱ्यांत होडी सारखी वागत नाही, आणि उलांडीच्या बाजूने जाळे ओढणे किंवा दुसऱ्या होडीस भिडणे गैरसोयीचे होते.